आडनावापुरता जोशी

पुतणी म्युनिकला असते. ऑफिसात इंग्रजीवर भागतं, पण घरमालकीण आणि दवाखान्यातल्या बाई जर्मनशिवाय ऐकत नाहीत, म्हणून ती संध्याकाळी भाषेच्या वर्गाला जाते. मागच्या थंडीत वर्गातल्या बाईंनी प्रत्येकाला आपल्या आडनावाचा अर्थ सांगायला लावला. बाईंचं स्वतःचं आडनाव गिरणीवाल्याचं. पुतणीची पाळी आली. जोशी म्हणजे भविष्य सांगणारा, एवढं तिला माहीत होतं. पुढचं मोबाईलला विचारलं. मोबाईलनं शब्द दिला, ‘वारझागर’. बाईंनी फळ्यावर त्याची फोड करून दाखवली. ‘वार’ म्हणजे खरं आणि ‘झागर’ म्हणजे सांगणारा.

फळ्यावर ‘खरं सांगणारा’ उमटला आणि अकरा तळहात तिच्यासमोर आले.

वर्ग सुटल्यावर तिनं फोन केला तेव्हा इकडे रात्रीचे साडेबारा झाले होते. साडेबाराला फोन वाजला की आमच्या घरात आधी कोण गेलं असेल याचा अंदाज बांधतात. आमची ही अर्धवट झोपेत दोन नावं घेऊन मोकळी झाली. दोघंही अजून ठणठणीत आहेत. तेव्हा भविष्यज्ञान आमच्या घरात रक्तातून नाही तसं लग्नातूनही आलेलं नाही, हे त्या रात्री सिद्ध झालं.

“काका, आपल्याकडे कुणी खरंच सांगायचं का हो?”

जोश्यांनी या महाराष्ट्रात भविष्य सोडून बाकी सगळं केलेलं आहे. गाणी गायली, विश्वकोश काढला, एक जण मुख्यमंत्रीही झाले. पण माझे पणजोबा मात्र खरोखरीचे गावजोशी होते. कृष्णाकाठच्या गावात सुतार, लोहार, कुंभार यांच्या जोडीनं त्यांचाही बलुत्यात वाटा असे. लोहार फाळ शेवटून द्यायचा, कुंभार मडकं द्यायचा, आणि पणजोबा पेरणीचा मुहूर्त द्यायचे. सुगीला तिघांना सारखीच ज्वारी मिळे. फाळ बोथट निघाला तर लोहाराला परत बोलावता येई. मुहूर्त बोथट निघाला तर ‘यंदा वाहनच गाढव होतं, त्याला मी काय करू,’ असं पणजोबा म्हणत. पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला पंचांगात वाहन दिलेलं असतं. हत्ती, म्हैस, बेडूक आले की पाऊस भरपूर. हवामान खातं हल्ली सरासरीच्या इतके टक्के असं सांगतं. ते शास्त्रशुद्ध असेलही, पण टक्क्यांकडे बघून कुणाच्या तोंडाला पाणी सुटत नाही. बेडूक म्हटल्यावर माणूस छत्री शोधायला उठतो.

माझा स्वतःचा भविष्याशी संबंध निराळा. एका कचेरीत मी एकतीस वर्षं चौकशीच्या खिडकीमागे बसलो. खिडकीवर ‘चौकशी’ आणि त्याखाली ‘श्री. जोशी’ अशी पाटी. लोक जाळीखालून हात आत सारायचे. हातात अर्जाची पोच असायची, एवढाच काय तो फरक. “साहेब, कधी होईल?” मी पोच उलटीसुलटी करून बघायचो, जरा वेळ छताकडे बघायचो आणि सांगायचो, “काम होणार. नाही असं नाही. पण वर एक जण नाराज दिसतोय. गुरुवारनंतर हालचाल दिसेल.” माणूस समाधानानं जायचा. गुरुवारनंतर पुन्हा यायचा, पण तक्रार घेऊन नाही, पुढचा गुरुवार घ्यायला. निवृत्त झाल्यावर एकदा देवळाबाहेर पोपटवाल्याचं बोलणं कान देऊन ऐकलं, तेव्हा लक्षात आलं की आम्हा दोघांना परिपत्रक एकच आलेलं आहे. त्याच्याकडे वरचा नाराज शनी असतो, माझ्याकडे हेडक्लार्क होता.

पुतणीला हे सांगितलं नाही. तिला वर्गात अजून दोन महिने काढायचे होते.

पुढच्या आठवड्यात तिनं आणखी माल पाठवला. अकरा जणांपैकी प्रत्येकानं आपापल्या भाषेत या माणसाला काय म्हणतात ते सांगितलं होतं, आणि वर्गातलं व्याकरण त्या दिवशी बाजूला पडलं होतं. कझाकस्तानातली एक मुलगी रशियन बोलते. तिच्या भाषेत भविष्य सांगणारी बाई म्हणजे ‘गदाल्का’. ज्या क्रियापदापासून हा शब्द आला त्याचा अर्थ भविष्य सांगणं असाही होतो आणि नुसतं अंदाज ठोकणं असाही होतो. दोन्हींना एकच शब्द! इतका प्रामाणिकपणा मी आजवर कुठल्याही शब्दकोशात पाहिलेला नाही. जर्मन म्हणतो ‘खरं सांगणारा’, रशियन म्हणतो ‘ठोकून देणारी’, आणि गिऱ्हाईक दोघांकडेही तितक्याच भक्तिभावानं जातं.

रुमानियाची बाई त्याहून पुढची. तिच्याकडे ‘गिचितोआरे’ म्हणजे भविष्य सांगणारी, आणि तोच शब्द कोड्यालाही. पैसे देऊन कोडं विकत घ्यायचं आणि उत्तर घरी जाऊन सोडवायचं. याच देशात २०११ साली सरकारनं भविष्य सांगणाऱ्यांकडून आयकर घ्यायचं ठरवलं, तेव्हा चिडलेल्या चेटकिणी सरकारला शाप द्यायला डॅन्यूबच्या काठी विषारी मुळ्या घेऊन निघाल्या. शाप लागल्याचं काही दिसलं नाही. कर लागला.

पोलंडची मुलगी म्हणाली, आमच्याकडे ‘व्रुश्का’ म्हणजे परी, आणि पत्ते पिसून भविष्य सांगणारी म्हातारीही व्रुश्काच. चिनी मुलगा गणिताचा. त्याच्याकडे या धंद्याचं नावच ‘आयुष्य मोजणं’ असं आहे. स्पॅनिशवाल्यानं ‘बुएनाबेंतुरा’ सांगितलं, म्हणजे चांगलं नशीब. वाईट नशिबाला त्या शब्दात प्रवेशच नाही. ग्रीक मुलानं सांगितलं की त्यांचा ‘मांतिस’ म्हणजे द्रष्टा, आणि पुढचे पाय जोडून प्रार्थनेला बसल्यासारखा दिसणारा तो हिरवा किडाही मांतिसच. तो किडा हात जोडून बसतो आणि जवळ येईल त्याला खातो. ग्रीकांचं निरीक्षण चांगलं होतं असं म्हणायला हरकत नाही.

ग्रीकांचा विषय निघालाच आहे तर एक घरची गोष्ट सांगतो. आमच्या नात्यात एका मुलीनं परदेशी मुलगा पसंत केला, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी ‘पत्रिका नाही, कशी जुळवायची?’ म्हणून नाक मुरडलं. ते ज्या शास्त्राचा आधार घेत होते त्यातला ‘होरा’ ग्रीकांचा, ‘केंद्र’ ग्रीकांचं, आणि लग्नाचं जे सातवं घर, ज्याला जुन्या ग्रंथांत ‘जामित्र’ म्हणतात, तेही ग्रीक ‘दियामेत्रोन’वरून आलेलं. म्हणजे परदेशी जावई नको हे दीड-दोन हजार वर्षांपूर्वी आलेल्या परदेशी पाहुण्याला विचारून ठरवत होते. मी हे बोलून दाखवलं. लग्नाच्या पंगतीत माझं पान दाराशी मांडलं होतं.

पण सगळ्यांत जास्त वेळ गेला तो तुर्की बाईवर. त्यांच्याकडे कॉफी पिऊन झाली की कप बशीत पालथा घालतात, गार होऊ देतात आणि आतल्या गाळाच्या नक्षीवरून पुढचं वाचतात. हे वाचणारी बाई बहुधा मैत्रीण, मावशी किंवा शेजारीणच असते. आणि तुर्कीत एक म्हण आहे, तिचा अर्थ असा की भविष्यावर विश्वास ठेवू नकोस आणि भविष्यावाचून राहूही नकोस. ही म्हण मराठीत कशी काय राहून गेली? आपण तर पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलोय. सकाळी ‘आमचा काही यावर विश्वास नाही हं’ म्हणत चष्मा शोधायचा आणि पेपरात आधी आपली रास बघायची. ती वाईट असली तर बायकोची बघायची.

इराणी मुलानं सांगितलं की त्यांच्याकडे हाफिजच्या कवितेवरून फाल, म्हणजे शकुन, काढतात. रस्त्यावर एक माणूस चिठ्ठ्यांची पेटी घेऊन उभा असतो आणि एक इवला पक्षी चोचीनं चिठ्ठी उचलतो. चिठ्ठीत हाफिजच्या ओळी. हे ऐकून पुतणी म्हणाली, “अय्या, आमच्याकडे पोपट!” वर्गात पोपटासाठी जर्मन शब्द शोधण्यात दहा मिनिटं गेली.

पक्षी आणि भविष्य यांचं नातं आपल्याकडे फार जुनं. पिंगळा म्हणजे मुळात घुबडाच्या जातीतला छोटा पक्षी. त्याची बोली ज्याला कळते असं मानतात, तो पहाटे अंधारात कंदील घेऊन दारोदार फिरणारा माणूसही पिंगळाच. ग्रीकांनी किड्याला द्रष्ट्याचं नाव दिलं, आपण द्रष्ट्याला पक्ष्याचं दिलं. पोपटाचं मात्र हल्ली कठीण झालंय. वन्यजीव कायद्याप्रमाणे आपला रानातला पोपट पिंजऱ्यात ठेवता येत नाही. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत तामिळनाडूतल्या कडलूरला एका उमेदवारानं पोपटाकडून भविष्य काढून घेतलं. पोपटानं चिठ्ठी ओढली, पोपटवाल्यानं विजय जाहीर केला, त्याची चित्रफीत सगळीकडे फिरली आणि वनविभागानं पोपटवाल्यालाच ताब्यात घेतलं. निकालात तो उमेदवारही पडला. ‘पोपट झाला’ हा आपला वाक्प्रचार एकाच वेळी इतक्या जणांना लागू पडल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

निवडणुकीवरून आठवलं. २०१७ साली निवडणूक आयोगानं फर्मान काढलं होतं की मतदानोत्तर चाचण्यांना ज्या काळात बंदी असते, त्या काळात निकालाची भाकितंही कुणी करायची नाहीत. कुणी म्हणजे कोण, तर ज्योतिषी, टॅरोवाले आणि राजकीय विश्लेषक. एकाच ओळीत. हे फर्मान ज्या कारकुनानं टाईप केलं असेल त्याला माझा नमस्कार. तोही कधीतरी चौकशीच्या खिडकीत बसलेला असणार.

आता कुडमुड्या जोश्याबद्दल सांगायला हवं, कारण पुतणीला पुढे जे सुचलं ते त्याच्यामुळे. कुडमुड्या म्हणजे आमचा कुणी भाऊबंद नव्हे. त्याचं कुडमुडं म्हणजे वीतभर डमरूसारखं वाद्य, आणि त्याच्या आवाजावरून त्याचं नाव. गंमत अशी की कन्नडमध्ये अशाच माणसाला ‘बुडुबुडिके’ म्हणतात आणि तमिळमध्ये ‘कुडुकुडुप्पै’वाला. तेही वाद्याच्या आवाजावरूनच. म्हैसूर संस्थानाच्या जुन्या जनगणना अहवालात बुडुबुडिक्यांची नोंद मराठा मुलुखातून आलेले भविष्य सांगणारे अशी आहे. म्हणजे आपला माणूस चालत चालत तिकडे पोचला आणि वाद्य तेवढं नव्या भाषेत वाजायला लागलं. तामिळनाडूत तो दारात आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. चांगला काळ जन्माला येतोय, चांगला काळ जन्माला येतोय. कुणाच्या घरी, कधी, किती वजनाचा, ते पुढे ज्वारी-तांदूळ मिळाल्यावर.

आमच्याकडे तो सकाळी दहाच्या सुमाराला यायचा. बाप्ये कामावर, पोरं शाळेत, भाकऱ्या थापून झालेल्या आणि घरातल्या बाईला श्वास घ्यायला पाच मिनिटं मिळालेली. मुहूर्त काढायचा तर असा काढावा. मी एकदा गालगुंडानं घरी होतो म्हणून मला हे बघायला मिळालं. डोक्याला पागोटं, कपाळाला गंध, खांद्याला झोळी. कुडमुडं वाजवून तो उंबऱ्याबाहेर टेकला, आईच्या हाताकडे बघितलं न बघितलं आणि म्हणाला, “माउली, सगळ्यांसाठी झिजतेस, पण तुझ्या हाताला यश नाही. मनात एक गोष्ट आहे, ती तू कुणाला बोलत नाहीस. तुझ्या तोंडावर गोड बोलणारं घरातलंच एक माणूस आहे.”

आईनं पदर डोळ्याला लावला. आत गेली, सूपभर ज्वारी आणली आणि वर वडिलांचा एक सदरा दिला.

संध्याकाळी वडिलांना सदरा सापडेना, तेव्हा प्रकरण उघडकीला आलं. वडील म्हणाले, “एवढं तर मीसुद्धा सांगितलं असतं.”

आई चुलीपासून न वळता म्हणाली, “मग पंधरा वर्षांत का नाही सांगितलंत?”

त्या रात्री जेवताना कुणी फारसं बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर शेजारीण म्हणाली, “अगं, मलाही अगदी हेच म्हणाला. शब्दन्‌शब्द.” मला वाटलं आता आईचा विश्वास उडणार. आई म्हणाली, “बघ, म्हणजे खरंच असणार.”

पुढे मोठेपणी वाचलं की १९४८ साली अमेरिकेत फोरर नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकानं आपल्या ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाच्या स्वभावाचं वर्णन लिहून दिलं आणि ते कितपत जुळतं याला पाचापैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी सव्वाचारच्या वर गेली. मग त्यानं सांगितलं की सगळ्यांना कागद एकच दिला होता, आणि त्यातली वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. मानसशास्त्रात याचं मोठं नाव झालं. आमच्या आळीत नऊ घरांवर हाच प्रयोग दर वर्षी सुगीनंतर व्हायचा आणि प्रयोगाचा खर्च सूपभर ज्वारी यायचा.

पुढच्या वर्षी कुडमुडं वाजलं तेव्हा वडील मुद्दाम घरी थांबले होते. आम्हाला वाटलं, आता भांडण. वडील उंबऱ्यापाशी गेले, उकिडवे बसले आणि इकडेतिकडे बघून आपलाही हात पुढे केला. कुडमुड्यानं हात बघितला. “धनी, तुम्ही मनाचे राजे. पण घरात तुमचं कुणी ऐकत नाही.”

वडिलांनी दुसरा सदरा आणून दिला.

मी शिकला-सवरलेला माणूस असल्यामुळे हिला अधूनमधून शास्त्र सांगत असतो. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी २००८ साली पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलनवाले दाभोलकर वगैरे मंडळींच्या मदतीनं ज्योतिष्यांची परीक्षा घेतली होती. दोनशे मुलांच्या पत्रिका जमवल्या, निम्मी मुलं हुशार, निम्मी गतिमंद. सत्तावीस ज्योतिष्यांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका बघून कोणती कुणाची ते सांगितलं. शेकडा ४६ उत्तरं बरोबर आली. “नाणं उडवलं असतं तरी पन्नास आली असती,” मी विजयी मुद्रेनं म्हणालो. ही शेंगा सोलत होती. “शंभरात सेहेचाळीस?” ती म्हणाली. “आणि तुमचा तो गुरुवार शंभरात किती वेळा बरोबर यायचा?”

मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. सवय आहे.

रोमच्या केटोबद्दल सिसेरोनं नोंदवून ठेवलंय की बळीच्या जनावराचं काळीज बघून भविष्य सांगणारे दोघे समोरासमोर आले तर त्यांना हसू कसं येत नाही, याचं केटोला नवल वाटायचं. मला नाही वाटत. मी आणि शेजारच्या खिडकीतला माझा मित्र एकतीस वर्षं समोरासमोर चहा प्यायलो. चहा पिताना काही आम्ही हसलो नाही. आम्ही एकमेकांना विचारायचो, “माझ्या बढतीचं काय वाटतं?”, आणि तो गंभीरपणे सांगायचा, “गुरुवारनंतर हालचाल दिसेल.” मला बरं वाटायचं.

तर डिसेंबर संपत आला. म्युनिकमध्ये वर्षाच्या शेवटच्या रात्री लोक चमच्यात शिसं वितळवून गार पाण्यात ओतायचे आणि जो आकार बनेल त्यावरून येणारं वर्ष वाचायचे. शिसं विषारी म्हणून २०१८ साली युरोपीय संघानं त्यावर मर्यादा आणली, तेव्हापासून दुकानात मेण नाहीतर कथील मिळतं. भविष्य बघायला बंदी नाही, त्याची मात्रा तेवढी प्रमाणात हवी. पुतणीनं वर्गातल्या मैत्रिणींना घरी बोलावलं. मेणाचे आकार कुणाला नीट लागेनात. एकीला बदक वाटलं, दुसरीला किडनी. शेवटी सगळ्या पुन्हा पुतणीकडे वळल्या, कारण आडनाव फळ्यावर लिहिलं गेलेलं होतं.

रात्री दोनला फोन. “काका, आजीला तो कुडमुड्या काय म्हणायचा, नीट सांगा बरं. पटकन. त्या स्वयंपाकघरात बसल्यात.”

मी सांगितलं. तिनं जर्मनमध्ये केलं. ‘हाताला यश नाही’पाशी अडली. मग म्हणाली, “मी म्हणते, तू जे करतेस ते कुणाला दिसत नाही. चालेल?” मी म्हटलं, चालेल, पणजोबांनीही चालवून घेतलं असतं.

दुसऱ्या दिवशी कळलं, तुर्की बाईनं डोळे पुसले. घरी तीन मुलं, रात्रपाळीचा नवरा आणि स्वतः हॉटेलात चादरी बदलण्याचं काम. रशियन बोलणारी मुलगी म्हणाली, तुला हे कसं कळलं? आणि लगेच आपला हात पुढे केला. पोलंडची मुलगी म्हणाली, तू वारझागर नाहीस, तू व्रुश्का आहेस. यातला कुठला अर्थ घ्यायचा ते पुतणीनं विचारलं नाही.

“अजून चार-पाच वाक्यं पाठवा ना,” ती मला म्हणाली. “शुक्रवारी सगळ्या परत यायच्यात, आणि तीच तीच कशी सांगू?”

“तीच सांगायची असतात,” मी म्हणालो. हा धंद्यातला सल्ला होता.

ही पलीकडून ओरडली, “आणि फुकट सांगू नकोस म्हणावं!”

शुक्रवारी दक्षिणा आली. पोलंडच्या मुलीनं आईच्या हातचं काकडीचं लोणचं दिलं, तुर्की बाईनं कॉफीचा पुडा. पुतणीनं फोटो पाठवला. तीन पिढ्यांनंतर आमच्या घरात बलुतं आलं होतं. लोणचं कसं आहे विचारलं, तर म्हणाली, आंबट आहे, पण तिखटाचा पत्ता नाही. हिनं लगेच मसाल्याची पुडी कुरिअरला द्यायला काढली. कधी पोचेल, असं तिथल्या खिडकीत विचारलं. आतल्या पोरानं पावती उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाला, “पोचणार. नाही असं नाही. गुरुवारनंतर बघा.”